टेनिस न खेळणाऱ्यांचा ‘टेनिस एल्बो’ : लक्षणे, निदान व चिकित्सेतील विवेक

चिकित्सालयात येणाऱ्या काही रुग्णांची तक्रार ऐकावयास किरकोळ वाटते, परंतु त्यांचे नित्याचे जीवन त्या तक्रारीने अडून बसलेले असते. कोपराच्या बाहेरच्या बाजूस दुखणारा रुग्ण हा अशांपैकीच एक होय. ताप नाही, सूज नाही, रक्ताच्या तपासण्या निर्दोष, क्ष-किरण चित्र बहुधा स्वच्छ. आणि तरीही चहाचा कप उचलताना हात थरथरतो, दाराची मूठ फिरविताना कळ येते, ओले कापड पिळवत नाही. घरातील मंडळींस वाटते, दुखणे बाहेरून दिसत तर नाही, मग एवढे काय झाले? वैद्यासही प्रथम तसेच वाटण्याचा संभव असतो. हा व्याधी सोपा समजून त्याची चिकित्सा करणाऱ्या प्रत्येकास तो पुढे काही महिने आपल्याभोवती फिरवितो, हा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे. त्या अनुभवातील चुकांसह काही विचार व्यवसायबंधू व औषधालय चालकांपुढे ठेवावेत, एवढाच या लेखाचा हेतू.

नावामागील इतिहास

‘टेनिस एल्बो’ हा शब्द महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचला तो २००४ साली. सचिन तेंडुलकर याच्या डाव्या कोपरास ऑगस्ट २००४ मध्ये हा त्रास सुरू झाला. त्यामुळे तो त्या वर्षीच्या चॅम्पियन्स करंडकास मुकला व ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या मालिकेतील पहिले दोन कसोटी सामनेही खेळू शकला नाही. पुढे मे २००५ मध्ये लंडन येथे त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. ऑक्टोबर २००५ मध्ये नागपूर येथे श्रीलंकेविरुद्ध ९३ धावा काढून तो एकदिवसीय सामन्यांत परतला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली येथे त्याने पस्तिसावे कसोटी शतक पूर्ण केले.

या घटनाक्रमातील दोन गोष्टी चिकित्सकाने ध्यानी घ्याव्यात. पहिली ही, की उजव्या हाताने फलंदाजी करणाऱ्याचा डावा हात बॅटच्या दांड्यावर वरच्या बाजूस असतो आणि फटका मारताना बॅटवर पकड व दिशा ठेवण्याचा मोठा भार त्याच हातावर पडतो. दुखणे त्याच कोपरात झाले. म्हणजे ‘उजवा की डावा’ यापेक्षा ‘कोणता हात घट्ट धरतो’ हा प्रश्न महत्त्वाचा. दुसरी गोष्ट काळाची. ज्याच्या दिमतीस सर्वोत्तम तज्ज्ञ व साधने होती, त्यासही पूर्ववत होण्यास वर्षाहून अधिक काळ लागला. मग आपल्या विडी कामगार भगिनीस पंधरा दिवसांत बरे करण्याचे आश्वासन आपण कोणत्या आधारावर देतो?

या व्याधीचे वर्णन प्रथम टेनिसपटूंत झाले नाही, हेही सांगण्यासारखे आहे. १८७३ साली रुंगे या जर्मन वैद्याने असे दुखणे लेखन करणाऱ्यांच्या संदर्भात नोंदविले. त्यानंतर दहा वर्षांच्या आत इंग्लंडमधील वैद्यकीय नियतकालिकांत लॉन टेनिस खेळणाऱ्यांच्या हाताचा उल्लेख आला आणि तेच नाव रूढ झाले. वस्तुतः आपणाकडे येणाऱ्या रुग्णांपैकी बहुतेकांनी टेनिसची रॅकेट कधी हाती धरलेली नसते.

हा रुग्ण कोण असतो?

प्रौढांमध्ये या व्याधीचे प्रमाण साधारण शेकडा १ ते ३ मानले जाते. वय बहुधा ३५ ते ५५ च्या दरम्यान; स्त्री व पुरुष दोघांतही तो आढळतो; कामाचा हात अधिक वेळा बाधित होतो. मनगट वर उचलून धरणे, घट्ट पकडणे आणि पकडलेल्या स्थितीत पिळणे या तीन क्रिया ज्याच्या कामात वारंवार व जोराने होतात, तो या व्याधीचा संभाव्य रुग्ण होय. धूम्रपान, स्थौल्य व मधुमेह यांची जोड असल्यास दुखणे रेंगाळण्याकडे अधिक लक्ष ठेवावे.

आपल्या सोलापूर जिल्ह्यात ही कामे कोणती, हे पाहू गेल्यास यादी सहज तयार होते. विडी कामगार भगिनी तेंदूची पाने कात्रीने मापात कापतात. हे काम तासन्‌तास चालते आणि मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. यंत्रमागावरील कामगार, टॉवेलच्या घड्या घालणारे व शिलाई-कटाईचे काम करणारे कारागीर हे आणखी एक मोठे गट. मंगळवेढा भागात रब्बी ज्वारीची काढणी ताटे हाताने उपटून करण्याची पद्धत आहे. सुगी आटोपल्यावर कोपर धरून येणारा शेतकरी किंवा शेतमजूर आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. सांगोला परिसरात डाळिंबाच्या बागेची छाटणी करणाऱ्याची मूठ दिवसभर कात्रीवर उघडते व मिटते. गृहिणींच्या बाबतीत भाकरीसाठी पीठ मळणे व थापणे, तापलेला तवा एका हाताने उचलणे आणि आपल्या प्रसिद्ध सोलापुरी चादरी ओल्या असताना पिळणे ही तीन कामे अवश्य विचारावीत. पाण्याने निथळणारी चादर किती जड होते, हे ती पिळणाऱ्या स्त्रीसच ठाऊक!

यांशिवाय आणखी एक वर्ग आहे, तो म्हणजे सवय नसताना अचानक काम अंगावर घेणाऱ्यांचा. दिवाळीपूर्वी स्वतःच घर रंगविणारा बँकेतील कर्मचारी, घर बदलताना दोन दिवस सामान उचलणारे शिक्षक, ही त्याची उदाहरणे. यांच्या बाबतीत ‘गेल्या महिन्यात नवीन काय केले?’ एवढा एक प्रश्न निदानाच्या निम्म्या वाटेपर्यंत नेऊन पोहोचवितो.

रूप अर्थात लक्षणे

१) कोपराच्या बाहेरील उंचवट्यावर (लॅटरल एपिकॉन्डाइल) व त्याच्या किंचित खाली बोट ठेवून दाखविता येण्याजोगा शूल. रुग्ण बहुधा एका बोटाने जागा दाखवितो.

२) शूल प्रकोष्ठाच्या मागील बाजूने मणिबंधाकडे पसरतो, क्वचित वर बाहूकडेही जातो.

३) पकड दुर्बल होते. वस्तू हातून निसटते. येथे स्नायूंची शक्ती गेलेली नसते. वेदनेमुळे मूठ सैल पडते.

४) तळहात खाली ठेवून वस्तू उचलताना वेदना अधिक, तळहात वर ठेवून उचलताना कमी. हा भेद उपशयाच्या दृष्टीने अत्यंत उपयुक्त आहे.

५) सकाळी उठल्यावर कोपर सरळ करताना थोडा वेळ जखडल्यासारखे वाटते.

६) आरंभ बहुधा हळूहळू होतो. विशिष्ट एक दिवस किंवा एक आघात रुग्णास सांगता येतोच असे नाही.

सूज, लाली व उष्ण स्पर्श ही लक्षणे सहसा नसतात. कोपराची हालचाल पूर्ण असते. ही लक्षणे ठळक असतील अथवा हालचाल मर्यादित झाली असेल, तर निदानाचा फेरविचार करावा.

परीक्षणविधी

खर्चिक साधनांची आवश्यकता नाही. कोझेन यांच्या परीक्षणात रुग्णास मूठ वळवून, तळवा खाली ठेवून मनगट वर उचलावयास सांगावे व आपण त्यास विरोध करावा. मिल यांच्या परीक्षणात तळवा खाली व मनगट आत वाकविलेले ठेवून आपण कोपर सावकाश सरळ करावे. मॉड्सली यांच्या परीक्षणात मधले बोट वर उचलताना विरोध करावा. या क्रियांत बाहेरील उंचवट्यावर नेमका तोच परिचित शूल उत्पन्न होणे महत्त्वाचे. प्रस्तुत लेखक याच्या जोडीस पाण्याने भरलेला तांब्या वरून काठाशी धरून उचलावयास सांगतो. रुग्णासही आपले दुखणे त्यातून लगेच समजते.

पकडीचे मापन करावयाचे झाल्यास रक्तदाब मोजण्याच्या यंत्राची पट्टी गुंडाळून तीत २० मि.मी. पर्यंत हवा भरावी आणि रुग्णास वेदना सुरू होईपर्यंतच दाबावयास सांगावे. जो आकडा येईल तो केसपेपरवर लिहावा. दुसऱ्या हाताचाही लिहावा. ‘बरे वाटते’ या शब्दापेक्षा हा आकडा अधिक प्रामाणिक असतो, कारण तो रुग्णाच्या भिडेने बदलत नाही.

व्यवच्छेदक निदान

कोपराच्या बाहेरील प्रत्येक दुखणे म्हणजे टेनिस एल्बो नव्हे. उंचवट्यापासून तीन-चार बोटे खाली, स्नायूंच्या मांसल भागात कमाल वेदना असल्यास तेथील चेतातंतूवरील दाब संभवतो. आतील उंचवट्यावर दुखत असल्यास तो ‘गोल्फर्स एल्बो’. अनेक संधी दुखत असून सूज असल्यास आमवाताचा विचार अग्रक्रमाने करावा. मान, खांदा, अंगठा व तर्जनीपर्यंत मुंग्या अथवा बधिरता असल्यास मानेच्या मणक्यांचे परीक्षण केल्याशिवाय कोपरास हात लावू नये.

हे शेवटचे वाक्य स्वानुभवातून आले आहे. काही वर्षांपूर्वी यंत्रमागावर काम करणारे एक गृहस्थ कोपराचे दुखणे घेऊन आले. जागा दुखरी होती, एक परीक्षण होकारार्थी आले आणि निदान झाले असे मी मानले. दीड महिना स्नेहन, स्वेदन व लेप चालू होते. अंगठ्यास मुंग्या येतात, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते. केसपेपरवर माझ्याच अक्षरात ते लिहिलेलेही होते. मी ते वाचले नाही. पुढे मानेच्या तपासणीत मूळ सापडले. त्यांचा दीड महिन्याचा काळ व रोजगार माझ्या घाईमुळे गेला, हे मान्य करावयास हवे.

आयुर्वेदीय विचार

कूर्परशूल असा स्वतंत्र व्याधी संहितांत वर्णिलेला नाही. सुश्रुताने निदानस्थानात स्नायुगत वाताची लक्षणे सांगताना स्तंभ, कंप व शूल यांचा निर्देश केला आहे. तेथेच विश्वाचीचे वर्णन करताना बाहूच्या पृष्ठभागाने बोटांकडे जाणाऱ्या कंडरांची दुष्टी व हाताच्या कर्माचा क्षय सांगितला आहे. टेनिस एल्बोस सरसकट विश्वाची म्हणणे योग्य वाटत नाही. मानेपासून बोटांपर्यंत वेदना जाणाऱ्या रुग्णास ते नाव अधिक शोभते. कोपराशी मर्यादित, कर्मजन्य शूलास ‘कूर्परस्थ स्नायुगत वात’ म्हणणे व्यवहारास सोयीचे आहे.

संप्राप्तीचा विचार असा करता येईल. अतिव्यायाम व सततचे सूक्ष्म अभिघात यांमुळे व्यानवायूची दुष्टी, कूर्परस्थानी खवैगुण्य, तेथे वाताचा स्थानसंश्रय आणि त्यातून स्नायूचे रौक्ष्य व क्षय. आधुनिक शास्त्राचा प्रवासही लक्षणीय आहे. पूर्वी या व्याधीस शोथ समजले जाई. १९७९ साली नर्शल व पेट्रोन यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या कंडरेचा सूक्ष्म अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानंतर हळूहळू हे मत स्थिर झाले की, मनगट वर उचलणाऱ्या एक्स्टेन्सर कार्पी रेडिॲलिस ब्रेव्हिस या स्नायूच्या कंडरेत शोथापेक्षा झीज व अर्धवट राहिलेली दुरुस्ती हीच मुख्य विकृती असते. हे आपल्या वातज क्षयाच्या कल्पनेशी जुळणारे आहे. मात्र जुळते म्हणजे सिद्ध झाले असे नव्हे. ते विचारास दिशा देते, इतकेच म्हणावे.

सुश्रुताने कूर्परास संधिमर्म व वैकल्यकर मर्म मानले आहे, त्याचे प्रमाण तीन अंगुले सांगितले आहे आणि त्यास इजा झाल्यास हात वाकडा राहतो असे नमूद केले आहे. जोराचे मर्दन करणाऱ्याने, दाहकर्म करणाऱ्याने व सुई टोचणाऱ्याने हे नित्य स्मरणात ठेवावे.

चिकित्सा : प्रथम निदानपरिवर्जन

येथे एका रुग्णेची हकिगत सांगणे आवश्यक वाटते. पूर्वभागातील चाळिशीच्या एक विडी कामगार भगिनी उजव्या कोपराच्या शूलासाठी आल्या. मी अग्निकर्म केले. त्या उठून हात हलवू लागल्या, चेहरा खुलला. मलाही समाधान वाटले. तीन आठवड्यांनी त्या परतल्या. पुन्हा अग्निकर्म, पुन्हा त्याच दिवशी आराम, पुन्हा तीन आठवड्यांनी आगमन. तिसऱ्या वेळीही तेच घडले. चौथ्या वेळी त्या संकोचाने म्हणाल्या, “डॉक्टर, तुमच्या हाताला गुण आहे, पण माझ्या हाताला नाही.”

त्या दिवशी प्रथमच मी त्यांना काम कसे करता ते करून दाखवावयास सांगितले. पिशवीत कात्री होतीच. तिची धार गेलेली होती, खिळा घट्ट बसला होता आणि प्रत्येक पानास त्यांना दुप्पट जोर लावावा लागत होता. शिवाय रविवारी घरातील चादरी त्याच पिळीत. मी ‘हाताला विश्रांती द्या’ असे तिन्ही वेळा सांगितले होते. हजार विड्यांच्या हिशेबाने ज्यांची मजुरी ठरते, त्यांना विश्रांती म्हणजे चूल थंड ठेवणे, हे मी लक्षात घेतले नव्हते. मग आम्ही दोघांनी बसून तोड काढली. कात्रीस धार लावली व खिळ्यास तेल दिले, कड्यांना कापड गुंडाळले; पाने कापण्याचे काम काही दिवस मुलीने करावे व त्यांनी विड्या वळाव्यात, अशी वाटणी ठरली; चादर न पिळता कठड्यावर टाकून निथळू द्यावी असे ठरले. त्यानंतर अग्निकर्म एकदाच करावे लागले. वेदना पूर्ण जाण्यास आणखी पाच महिने लागले, परंतु त्या काळात त्यांची मजुरी बंद पडली नाही.

तात्पर्य, ‘काम बंद करा’ असे न म्हणता ‘काम असे करा’ हे सांगता आले पाहिजे. काही सूचना अशा देता येतील: जड वस्तू दोन्ही हातांनी व तळहात वर ठेवून उचलावी, कात्री, खुरपे, पाना यांची मूठ कापड गुंडाळून जाड करावी, हत्यारास धार ठेवावी, पाऊण तासाने पाच मिनिटे हात मोकळा सोडावा, दुचाकी चालविताना मनगट वर उचललेले राहू नये, ज्वारी उपटताना हात आलटून पालटून वापरावेत व खोलवर रुजलेल्या ताटास विळा लावावा.

स्नेहन, स्वेदन, उपनाह

सुश्रुताने चिकित्सास्थानात स्नायू, संधी व अस्थिगत वातासाठी स्नेह, उपनाह, अग्निकर्म, बंधन व उन्मर्दन हा क्रम सांगितला आहे. आपणांस हा एक श्लोकार्धच पुरेसा मार्गदर्शक आहे. निरामावस्थेत महानारायण, बला किंवा निर्गुंडी तैलाने हलक्या हाताने स्नेहन करून निरगुडी, एरंड व रुई यांच्या पानांच्या पोटलीने स्वेदन करावे. ही पाने आपल्या ओढ्याकाठी व बांधावर सहज मिळतात; रुईच्या चिकापासून डोळे मात्र जपावेत. रात्री गव्हाच्या पिठात तैल व वातहर द्रव्ये घालून उपनाह बांधल्यास सकाळची जखडण कमी होते. स्नेहनाने दुखणे वाढत असेल तर सामत्वाचा संशय घ्यावा व प्रथम शुंठी, लंघन व रूक्ष स्वेद यांचा अवलंब करावा.

आभ्यंतर औषधांत अवस्थेनुसार महारास्नादि काढा, त्रयोदशांग किंवा योगराज गुग्गुळ व क्षीण रुग्णात अश्वगंधा यांची योजना करता येते. ही औषधे कंडरा पूर्ववत करतात असा दावा करण्याइतका पुरावा आपल्यापाशी नाही. अग्नी, वात व धातुबल यांचा विचार करून ती द्यावीत आणि रुग्णासही तसेच सांगावे.

बंधनाचा उल्लेख आजच्या पट्ट्याशी जुळतो. बाजारातील टेनिस एल्बोचा पट्टा बहुतेक रुग्ण थेट दुखऱ्या हाडावर बांधतात. तो त्याच्या सुमारे दोन बोटे खाली, प्रकोष्ठाच्या मांसल भागावर बांधावा, कामाच्या वेळीच वापरावा व रात्री काढावा.

वेदना काहीशी उतरल्यावर व्यायाम अत्यावश्यक आहे. प्रकोष्ठ टेबलावर, तळवा खाली व मनगट कडेबाहेर ठेवावे. हातात पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली घ्यावी. दुसऱ्या हाताच्या साहाय्याने मनगट वर न्यावे आणि मग केवळ बाधित हाताने ते अगदी सावकाश खाली सोडावे. दहा वेळा, असे दिवसातून तीनदा. सौम्य वेदना चालेल, दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकणारी वेदना चालणार नाही. भार हळूहळू वाढवावा. आपण शरीरास बल देणाऱ्या व्यायामाचे महत्त्व जाणतोच. झिजलेल्या कंडरेस मोजका भार हे एक प्रकारे औषधच आहे.

अग्निकर्म : सामर्थ्य व मर्यादा

महाराष्ट्रात पंचधातूच्या शलाकेने बिंदुदहन करण्याची प्रथा रूढ आहे व तिचा वेदनाशामक प्रभाव आपण सर्वांनी अनुभवला आहे. तथापि काही पथ्ये पाळावीत. सुश्रुताने शरद व ग्रीष्म या ऋतूंत, आत्ययिक अवस्था वगळता, अग्निकर्म निषिद्ध मानले आहे. सोलापूरचा एप्रिल-मे, जेथे पारा चाळिशीपार जातो, तेथे हा निषेध केवळ ग्रंथातला समजू नये. सुगीनंतर येणारे रुग्ण नेमके याच उंबरठ्यावर असतात. त्यांच्यात उपनाह, बंधन व कामातील बदल यांवर भर द्यावा. पित्तप्रकृती, दुर्बल व भीरू रुग्ण वर्ज्य करावेत. अनियंत्रित मधुमेह व व्रणावर जाड वण उठण्याची प्रवृत्ती असलेले रुग्णही टाळावेत. व्याधी, मर्म, बल व ऋतू हे चारही पाहून मगच दाह करावा, असा सुश्रुताचा आदेश आहे. दाह त्वचेपुरता असावा. आतील उंचवट्यामागे अल्नर चेतातंतू त्वचेखालीच असतो. तेथे शलाका नेऊ नये. शलाका निर्जंतुक असावी व रुग्णाची लेखी संमती घ्यावी. दाहानंतर मध व तूप लावण्याचा ग्रंथोक्त विधी आहे.

श्रेय कोणाचे?

आता एका अप्रिय प्रश्नाकडे वळू. या व्याधीचे बहुसंख्य रुग्ण एक ते दोन वर्षांत, चिकित्सा कोणतीही असो, बरे होतात. मग आपल्या यशापैकी किती आपले व किती काळाचे?

२००२ साली ‘लॅन्सेट’मध्ये नेदरलँड्समधील १८५ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा आठवड्यांनी स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ९२ टक्के रुग्णांत यश दिसले. केवळ सल्ला देऊन वाट पाहिलेल्यांत ते ३२ टक्के होते. परंतु ५२ आठवड्यांनी चित्र उलटले: इंजेक्शनच्या गटात ६९, वाट पाहण्याच्या गटात ८३ व फिजिओथेरपीच्या गटात ९१ टक्के. २००६ व २०१३ साली ऑस्ट्रेलियातून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनीही इंजेक्शनचा आराम अल्पजीवी असून वर्षअखेरीस त्याचा परिणाम प्रतिकूल ठरतो, हेच दाखविले.

हे वाचून आधुनिक शास्त्रावर बोट ठेवण्याचा मोह होईल. तो आवरावा. हाच मापदंड आपल्या अग्निकर्मास लावून पाहिला पाहिजे. शलाका टेकताच आलेला आराम आपण यश म्हणून मोजतो. वर्षाने तोच रुग्ण कसा आहे, हे आपल्यापैकी किती जण विचारतात? माझ्या त्या भगिनी चौथ्या वेळी आल्या नसत्या, तर मीही त्यांची नोंद तीन वेळा ‘उपशय’ अशीच केली असती. म्हणून प्रत्येक रुग्णाची नोंद पहिल्या दिवशी, सहा आठवड्यांनी, सहा महिन्यांनी व एक वर्षाने घ्यावी: वेदना, पकडीचा आकडा आणि काम पूर्ववत झाले की नाही, एवढ्या तीनच रकान्यांची. पत्ता बदलला तरी मोबाइलमुळे हे आज कठीण नाही. संघटनेच्या सभासदांनी अशा नोंदी एकत्र केल्यास आपल्या चिकित्सेचे बळ व मर्यादा दोन्ही आपल्यालाच प्रथम कळतील.

औषधालय चालकांसाठी

या रुग्णाची पहिली पायरी बहुधा वैद्याकडे नसून आपल्या दुकानात असते. तेल मागणाऱ्यास तेल द्यावेच; त्याबरोबर दोन प्रश्न विचारावेत. हातास मुंग्या येतात का? कोपरास सूज किंवा ताप आहे का? उत्तर होकारार्थी असल्यास वैद्याकडे पाठवावे. पट्टा विकताना तो बांधून दाखवावा. वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने महिनोन्‌महिने घेणाऱ्यास, विशेषतः आम्लपित्त, रक्तदाब अथवा वृक्काचा विकार असल्यास, थांबवावे. आणि ज्यावर घटकद्रव्यांची यादी, उत्पादकाचे नाव व परवाना क्रमांक नाही, अशी ‘एका पुडीत आराम’ देणारी चूर्णे दुकानात ठेवू नयेत. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असण्याचा धोका असतो. त्यातून रुग्णाचे नुकसान तर होतेच, आयुर्वेदाच्या नावासही बट्टा लागतो.

समारोप

टेनिस एल्बोने जीव जात नाही. परंतु हातावर पोट असणाऱ्याचा हातच दुखतो, तेव्हा त्याच्या घरी काय शिजेल हे आपल्या निदानावर अवलंबून असते. म्हणून पुढील वेळी कोपर धरून कोणी समोर बसेल, तेव्हा शलाका तापविण्यापूर्वी त्यास ‘काम करून दाखवा’ असे म्हणावे आणि वर्षाने त्यास आठवणीने फोन करावा. सभासद बंधू-भगिनींनी आपले अनुभव, विशेषतः फसलेले, अवश्य कळवावेत. इत्यलम्.